अलकनंदा इतक्या लवकर कशी घडली? महास्फोट मोडीत काढायची घाई नको

कोथरूडकर

सोसायटीच्या ग्रुपवर काल पुन्हा तोच मजकूर आला : ‘जेम्स वेब दुर्बिणीने महास्फोट खोटा ठरवला, नारळीकर सर बरोबर होते.’ महास्फोट म्हणजे बिग बँग, विश्वाची सुरुवात. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना तो मान्य नव्हता. सर गेले २०२५च्या मे महिन्यात. त्यांचं नाव असं वापरलेलं मला सहन होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

निमित्त आहे अलकनंदा. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या प्रतिमांत शोधलेली ही सर्पिल दीर्घिका, म्हणजे भोवऱ्यासारख्या भुजा असलेली गॅलेक्सी. विश्वाचं वय जेमतेम दीडशे कोटी वर्षं असतानाची, तरी दोन रेखीव भुजा, तीस हजार प्रकाशवर्षं व्यास. इतक्या लवकर इतकी नेटकी घडण अपेक्षित नव्हती, हे खरं. पण त्यावरून ‘महास्फोट झालाच नाही’ कसं निघतं?

महास्फोटानंतर ३ लाख ८० हजार वर्षांनी सुटलेला प्रकाश आजही आपल्यापर्यंत येतो. त्यात जागोजागी फरक आहे तो लाखात एक एवढाच. कोबे उपग्रहाने तो १९९२ साली दाखवला. तोवर साधं द्रव्य प्रकाशाच्या दाबात अडकलेलं होतं, त्याला गोळा होता येईना. कृष्णद्रव्याला, म्हणजे डार्क मॅटरला, प्रकाशाची अडचणच नाही. साध्या द्रव्याच्या पाचपट असलेलं ते द्रव्य आधीपासूनच दाटत होतं. वायू सुटला आणि कृष्णद्रव्याच्या ओढीने तयार झालेल्या खळग्यांत उतरला.

आषाढी वारीत गावोगावच्या दिंड्या आडवाटांनी निघतात, मोठ्या रस्त्याला मिळतात. पुण्यात दोन्ही पालख्या पोचतात तेव्हा गर्दी दाटते. दीर्घिकाही अशाच वाढल्या, आधी लहान, मग मोठ्या. आणि वाटा जिथे मिळतात तिथे दीर्घिकांचे समूह.

गणिताची बाई

दिंडीचं चित्र सुरेख आहे, पण तो पुरावा नाही. वारकरी दिसतात तरी. कृष्णद्रव्याचा एक कण कुठल्या प्रयोगात हाती लागलाय? कित्येक दशकं शोध चालू आहे.

मी ‘महास्फोट खोटा’ म्हणणाऱ्यांतली नाही. माझी तक्रार वेगळी आहे. वेबच्या आधी आपणच शिकवत होतो की पहिल्या तीसेक कोटी वर्षांत तुरळक, मिणमिणत्या दीर्घिका असतील. मग जेडीज-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका सापडली, विश्व २९ कोटी वर्षांचं असतानाची, चांगली झगझगीत. २०२५मध्ये तिच्यात ऑक्सिजनही मिळाला. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात तयार होतो. म्हणजे ताऱ्यांची एक पिढी तोवर जगून मेलीसुद्धा! आता सांगतात की प्रतिमानात, म्हणजे मॉडेलमध्ये, थोडा बदल केला की जमतं. निकाल लागल्यावर उत्तरपत्रिका दुरुस्त केली तर मी मुलींना गुण देत नाही.

आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं असत, तिथे मी वर्ग घेऊन जायचे. नारळीकर सरांकडून मी एकच घेतलं, सगळे मान हलवतात तिथे प्रश्न विचारायचा.

नारायणगावकर

बाईंच्या प्रश्नाला आमच्या खोडदचा इतिहास जोडतो. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. जवळ गेलात तर दिसेल, पत्रा नाहीच, तारेची जाळी आहे, आरपार आभाळ दिसतं. लांब लहरींना तेवढं पुरतं आणि वारा अडत नाही. गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण मांडली तेव्हाच्या प्रमुख उद्दिष्टांत एक हेच होतं : दीर्घिका घडण्याआधीचे हायड्रोजनचे ढग शोधायचे. तेव्हा वाद खराखुरा होता. रशियाचे झेल्दोविच म्हणत, आधी प्रचंड चपटे पापुद्रे झाले, ते फुटून दीर्घिका झाल्या. दुसरा पक्ष म्हणे, आधी लहान, मग मोठं. तसे अवाढव्य ढग काही सापडले नाहीत. आज दुसरा पक्ष मान्य आहे तो असा तपासून, कोणी रेटला म्हणून नव्हे.

कोथरूडकर

बाई, उत्तरपत्रिकेची तक्रार अर्धी मान्य. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या. कृष्णद्रव्याचे गोळे कधी, किती मोठे होतील हे गुरुत्वाकर्षणाचं गणित आहे, ते वेबमुळे मोडलेलं नाही. गोंधळ आहे तो पुढचा : गोळ्यातल्या वायूपैकी किती वायूचे तारे झाले, किती झपाट्याने. एकदम भडका उडून भारी तारे जन्मले तर लहान दीर्घिकाही खूप तेजस्वी दिसते. २०२३मध्ये ज्या काही दीर्घिका ‘अशक्य जड’ वाटल्या, त्यांतल्या काहींचा प्रकाश मधल्या कृष्णविवराभोवतालचा असावा, असं नंतर दिसलं.

आणि सरांचा पर्याय? हॉइल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांसह १९९३ साली त्यांनी अर्ध-स्थिर विश्व मांडलं. पार्श्वभूमी प्रारण, म्हणजे वर सांगितलेला तो जुना प्रकाश, समजावण्यासाठी त्यात अवकाशातल्या धातूच्या सूक्ष्म सुया लागतात, ताऱ्यांचा प्रकाश शोषून परत टाकणाऱ्या. माझा आक्षेप निराळा आहे. विश्व कायम जवळपास सारखंच असेल तर दूरच्या दीर्घिका जवळच्यांसारख्याच दिसायला हव्यात. वेबला दिसतात त्या लहान, जड मूलद्रव्यं कमी असलेल्या. विश्व बदलत गेलं, हे तर वेबनेच ठळक केलं.

रात्रपाळी

सरस्वती महासमूह, म्हणजे दीर्घिकांच्या समूहांचा समूह, विसरू नका. आयुका आणि आयसर पुणे यांच्या खगोलशास्त्रज्ञांचा २०१७चा शोध, विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षं, चारशे कोटी प्रकाशवर्षं दूर. एवढं अजस्र काही जुळायला वेळ पुरला का, हा प्रश्न तेव्हाही आलाच होता.

गणिताची बाई

सुयांचा मुद्दा पटला. दूरच्या दीर्घिका वेगळ्या दिसतात, हाही.

पण अलकनंदा सोडत नाही. मी काल हिशेब केला. तीस हजार प्रकाशवर्षं व्यास, म्हणजे परीघ सुमारे ९४ हजार. कडेचा वेग आपल्या सूर्याएवढा, सेकंदाला २२० किमी धरला, तर एका फेरीला जवळपास १३ कोटी वर्षं. विश्वाच्या पहिल्या क्षणापासून फिरत असती तरी फार तर अकरा फेऱ्या, आणि दीर्घिकेची तबकडी स्थिरावेपर्यंतचा काळ वजा केला तर त्याहून कितीतरी कमी. एवढ्यात दोन स्वच्छ भुजा?

कोथरूडकर

भुजा उमटायला मोजक्या फेऱ्याही पुरतात. शेजारून एखादी दीर्घिका गेली तर तिच्या ओढीनेही उमटतात. खरा प्रश्न तबकडी शांत आहे की वायू आत घुसळतोय, हा आहे. तिच्या फिरण्याचा वेग वर्णपटातून मोजला की कळेल, आणि पुढे तेच करायचं आहे.

गणिताची बाई

मग तो आकडा येईपर्यंत माझा प्रश्न फळ्यावरच राहू द्या. आला की इथेच टाका, माझा हिशेब मी पुन्हा करीन.