ब्लॅक स्प्रूस की व्हाइट स्प्रूस? दलदलीतल्या झाडांचं काय करावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅनडात, अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनला राहतो. अल्बर्टातच, उत्तरेला अथाबास्का गावाच्या बाजूला थोडी जमीन घेतली आहे, त्यावर एक जुनं लाकडी केबिन आहे. केबिनच्या बाजूची जागा उंचावर आणि कोरडी आहे, तिथे अ‍ॅस्पेनच्या पानझडी झाडांमध्ये मधूनमधून उंच, भरदार स्प्रूस (सुईसारख्या पानांची सदाहरित झाडं) आहेत. उतार संपला की दलदल लागते, इथे तिला मस्केग म्हणतात. पाय ठेवला की शेवाळाची गादी दबते आणि बुटाभोवती पाणी जमतं. तिथेही स्प्रूसच आहेत, पण काठीसारखे बारीक, वाकडेतिकडे. शेंड्याला मात्र दाट गुच्छ.

झाडं छाटायला आलेला माणूस म्हणाला, "खालची सगळी मेल्यात जमा. काढून टाका, चर खणून पाणी सोडून द्या, जागा मोकळी होईल." मला ते अजिबात पटलेलं नाही. वाऱ्याने पडलेलं एक झाड आम्ही कापून पाहिलं. खोड मनगटाहून जरासं जाड, पण वलयं इतकी एकमेकांना चिकटलेली की नुसत्या डोळ्यांनी मोजता येईनात. भिंगाने ८० च्या पुढे गेले तरी मधला भाग उरलाच होता. एवढी वर्षं तग धरलेलं झाड मेल्यात जमा कसं?

वरची आणि खालची झाडं एकाच जातीची आहेत का? पडलेल्या लाकडाचं काय करता येईल, कुंपणाचे खांब किंवा जळण? आणि मनात सगळ्यात जास्त घोळतंय ते वणव्याचं. २०११ मध्ये स्लेव्ह लेक गावाचा मोठा भाग जळाला, २०१६ मध्ये फोर्ट मॅकमरीतून ८०,००० हून जास्त लोकांना घरंदारं सोडून निघावं लागलं. ही सगळी आमच्याच पट्ट्यातली गावं. झाडं वाचवायची आहेत आणि केबिनही. कुठली ठेवू, कुठली काढू?

देवराई:
ताई, खालची ब्लॅक स्प्रूस आहेत आणि वरची बहुधा व्हाइट. पण नुसत्या उंचीवर जाऊ नका, चांगल्या जागी ब्लॅक स्प्रूसही छान सरळ वाढतो. यंदाची कोवळी डहाळी भिंगाखाली धरा. ब्लॅकच्या डहाळीवर तांबूस, बारीक लव दिसेल, व्हाइटची डहाळी गुळगुळीत असते. व्हाइटची पानं चुरगळली तर बऱ्याचदा उग्र, नकोसा वास येतो.

शंकूंवरूनही कळतं. व्हाइटचे लांबट, ३ ते ६ सेंमी, बी सांडलं की गळून खाली पडतात. ब्लॅकचे जेमतेम २-३ सेंमी, गोलसर, आणि शेंड्याजवळ वर्षानुवर्षं लटकून राहतात. तुम्ही म्हणता तो दाट गुच्छ म्हणजे आखूड फांद्या आणि हे शंकू. राळेने बंद झालेले त्यांचे खवले आगीच्या धगीने उघडतात आणि नुकत्याच जळालेल्या जमिनीवर बी पडतं. एरवीही थोडं थोडं बी सांडत असतंच. खालच्या फांद्या शेवाळात दबून मुळं धरतात ते वेगळंच.

तेव्हा झाडं मेलेली नाहीत. थंड, आम्लधर्मी, पाणी साचलेल्या जमिनीत मुळांना प्राणवायू आणि पोषण दोन्ही तुटपुंजं, म्हणून वाढ संथ. मनगटाएवढं खोड शंभरीचं असणं मस्केगात अगदी नेहमीचं आहे.

उत्तरायण:
मी ऑन्टारिओत कागदाच्या लगद्याच्या गिरणीत आहे. लांब, बारीक तंतूंमुळे ब्लॅक स्प्रूसला आमच्याकडे फार मान, कागद चिवट होतो. पण गिरणीला ट्रकच्या ट्रक माल लागतो, चार-दोन ओंडक्यांना कोणी विचारणार नाही.

खांबांसाठी वापरू नका. मातीत पुरलेला स्प्रूस लवकर कुजतो. त्याच दलदलीत टॅमरॅक आहे का बघा, शरद ऋतूत सोनेरी होऊन पानं गाळतो तो. खांब त्याचे जास्त टिकतात. जळण म्हणून स्प्रूस चालतो, पण ओंडके फोडून पूर्ण उन्हाळाभर वाळवा. ओलं जाळलंत तर धुराड्यात काजळी धरते. पटकन पेटतो, ठिणग्या उडवतो आणि लवकर संपतो.

इथल्या क्री आणि अनिशिनाबे या मूळ रहिवासी लोकांनी या झाडाचा जो उपयोग केला तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. लांब, चिवट मुळं सोलून, उभी चिरून त्यांनी भूर्जाच्या सालीच्या होड्या शिवायच्या आणि राळेत चरबी व कोळशाची पूड कालवून शिवणी बुजवायच्या. खिळा एकही नाही.

देवराई:
वणव्याबद्दल. जमिनीपर्यंत आलेल्या सुक्या फांद्या आणि त्यांवरचं दगडफुलासारखं लोंबणारं लायकेन, यांवरूनच आग शेंड्याला चढते. म्हणून फायरस्मार्ट या वणव्यापासून घरं वाचवण्याच्या कॅनडातल्या उपक्रमाच्या सूचना पाळा. भिंतीपासून १.५ मीटरपर्यंत जळण्यासारखं काहीच नको. १० मीटरच्या आत स्प्रूस ठेवू नये, मग तो व्हाइट का असेना. १० ते ३० मीटरमध्ये विरळणी करून शेंड्याशेंड्यांत ३ मीटर अंतर ठेवा आणि जमिनीपासून २ मीटरपर्यंतच्या फांद्या काढा. अ‍ॅस्पेनला हात लावू नका, तो सहज पेट घेत नाही.

चर मात्र मुळीच खणू नका. ओलं शेवाळ आगीला अडवतं. तेच वाळलं की खालचा पीट (अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा थर) आतल्या आत धुमसत राहतो आणि विझवता विझत नाही. शिवाय अल्बर्टात पाणथळ जागेचं पाणी काढायला वॉटर अ‍ॅक्टखाली सरकारची मंजुरी लागते, जमीन स्वतःची असली तरी.

धागाकर्ती:
मनापासून आभार दोघांचे! दलदल आहे तशीच राहील. भिंतीला जवळजवळ टेकलेला एक मोठा स्प्रूस काढावा लागणार, त्याचं फार वाईट वाटतंय, पण काढते. अजून एक विचारायचं होतं. कोवळ्या शेंड्यांचं सरबत करतात म्हणे, ते कधी खुडायचे?

उत्तरायण:
मे अखेर ते जून. कळीवरचं तपकिरी टोपण गळून पडत असतं आणि शेंडे पोपटी, मऊ असतात तेव्हा. बाजूच्या फांद्यांचेच घ्या, एका झाडाचे थोडेच. मधला सर्वांत वरचा कोंब खुडलात तर झाडाची सरळ वाढ अडते. आधी जात पक्की करा. शोभेसाठी लावलेलं यू नावाचं झाड लांबून असंच वाटतं आणि ते विषारी आहे. स्प्रूसचं पान चौकोनी, दोन बोटांत सहज फिरतं. यूचं चपटं, फिरत नाही.