फिल्टरचा काटा चढत नाही, तरी पाणी गढूळ. काय तपासू?

गोराईची_लेक

घर गोराईला. अंगणात ८ बाय ४ मीटरचा पूल, खोली सगळीकडे १.२ मीटर. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत, ती रोज सकाळी पाण्यात चालते. जमिनीवर दुखतं ते पाण्यात दुखत नाही, म्हणून तिचा अख्खा दिवस त्या अर्ध्या तासावर उभा असतो.

गणपतीनंतर पाणी दुधाळ झालंय ते निवळतच नाही. वाळूचा फिल्टर आहे, ५०० मिमीचा, वर मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (हँडल फिरवून पाण्याची वाट बदलणारा) आणि दाब दाखवणारं गेज. पंप रोज आठ तास चालतो. क्लोरीन २ पीपीएम, पीएच ७.४. गेजचा काटा ०.५ बारने चढला की बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुवा, असं पूल बांधणाऱ्याने सांगितलं होतं. जूनपासून काटा ०.६ वरून हललेला नाही, म्हणून फिल्टर स्वच्छ आहे असं धरून मी बॅकवॉश केलेलाच नाही. तळाला व्हॅक्यूम मारला की पाणी पुलात परत येतं त्या तोंडातून धुरासारखं काहीतरी निघतं.

पूल साफ करायला येणारा मुलगा म्हणतो, सगळं पाणी सोडून द्या. ३८ हजार लिटर! आमच्याकडे विहीर आणि टँकर, एवढं पाणी मी आणू कुठून? आईचं चालणं बंद होऊन नऊ दिवस झालेत.

चारकोप_अनिकेत

ताई, तुरटी टाकून बघा. आमच्या सोसायटीच्या पुलाला पावसाळ्यानंतर टाकतात, दोन दिवसांत तळ दिसतो.

जुना_पंपवाला

ताई, पाणी सोडू नका आणि तुरटीही आज नको. पंप बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि गेज बघून इथे सांगा. पंप बंद असताना काटा शून्यावर यायला हवा.

गोराईची_लेक

दहा मिनिटं थांबले. ०.६ वरच आहे.

जुना_पंपवाला

मग गेज मेलंय. बोरिवली ते वसई बावीस वर्षं पूल चालवलेत, समुद्राजवळ हे दर पावसाळ्यात बघतो. खारी हवा आत शिरते, काटा गंजून चिकटतो. तुमचा फिल्टर आत चार महिने तुंबत राहिला आणि तुम्हाला कळायला मार्गच नव्हता. नागदेवी स्ट्रीटवर स्टीलचं, ग्लिसरीन भरलेलं गेज मिळेल, ० ते ४ बारचं. जुनं काढून सोबत न्या, म्हणजे आटे चुकणार नाहीत.

नवं गेज लावून आधी आकडा लिहून ठेवा, मग बॅकवॉश. पुलाची पातळी थोडी वाढवून घ्या, कारण तीन मिनिटांत पाचेकशे लिटर जातील. व्हॉल्व्हवरच्या काचेतून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत चालवा, मग अर्धा मिनिट रिन्स (सरळ दिशेने धुऊन पाणी बाहेर सोडणं), मगच फिल्टरवर या. रिन्स टाळलं की खालचा उरलेला गाळ पहिल्या झटक्यात पुलात येतो. चार महिन्यांचा साठा एका वेळी निघणार नाही, दोन-तीनदा करा. आणि हँडल फिरवायचं ते पंप बंद करूनच, दर वेळी. चालू पंपावर फिरवलं की आतलं स्पायडर गॅस्केट (पाण्याच्या वाटा वेगळ्या ठेवणारं रबर) जागा सोडतं किंवा तुटतं.

त्या धुराबद्दल. परतीच्या तोंडावर पांढरं फडकं धरा आणि अडकलेलं बोटांत चोळा. कण खरखरीत लागले तर वाळू येतेय, म्हणजे तळाचा लॅटरल (वाळू अडवून पाणी जाऊ देणारा फटींचा पाइप) फुटला. बुळबुळीत लागलं तर घाण गाळल्याशिवाय पुढे जातेय. हँडल फिल्टरवर असताना वेस्टच्या (घाण पाणी बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून पाणी ठिबकतं का, तेही बघा. ठिबकत असेल तर माझा संशय गॅस्केटवर.

अनिकेत, तुरटी वाईट नाही. पण तिने घाण तळाला बसते, ती वेस्टवर ठेवूनच व्हॅक्यूम करावी लागते, म्हणजे पाणी जातंच, शिवाय पीएच उतरतो. ती चिकट घाण तुंबलेल्या वाळूत गेली तर वाळूचा लगदा होईल.

वसईची_शमा

क्लोरीनच्या गोळ्या ट्रायक्लोरच्या असतील तर त्यांतून पाण्यात साठत जाणारं सायन्युरिक ॲसिडही मोजून घ्या. ते १०० पीपीएमच्या वर गेलं की किटवर क्लोरीन २ दिसतं, पण शेवाळाला पुरत नाही. ते उतरवायला थोडं पाणी बदलण्यावाचून इलाज नाही.

गोराईची_लेक

सहा दिवसांनी सांगतेय. नवं गेज लावलं आणि काटा १.३ वर गेला! बॅकवॉशला पहिलं पाणी चहासारखं निघालं. तीनदा केला, आता ०.७ वर आहे, आणि तो आकडा टाकीवर ऑइलपेंटने लिहून ठेवलाय.

धूर मात्र राहिला. फडक्यावर बुळबुळीत आलं आणि वेस्टचा पाइप ठिबकत होता. व्हॉल्व्ह उघडला तर गॅस्केटची एक दांडी तुटलेली. पावसाळ्यात त्या मुलाने दोनदा चालू पंपावर हँडल फिरवलं होतं, त्याने स्वतःच सांगितलं. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आता आम्ही दोघांनी मिळून बसवलंय.

शमाताई, सायन्युरिक ४० आलं. पावसाने पातळ झालं असावं.

तिसऱ्या दिवशी तळाच्या फरश्यांच्या रेघा दिसल्या. आई आज वीस मिनिटं चालली.

काका, वाळू सहा वर्षांची आहे. दिवाळीनंतर बदलू का?

जुना_पंपवाला

बदला. विहिरीच्या जड पाण्याने वाळूचे गठ्ठे होतात, सहा वर्षं पुष्कळ झाली. तुमच्या टाकीला साधारण १०० किलो लागेल, पण टाकीवरचा आकडा बघून घ्या. ०.४ ते ०.८ मिमीची सिलिका वाळूच आणा, बांधकामाची चालणार नाही. भरण्याआधी टाकी अर्धी पाण्याने भरा, म्हणजे वाळू लॅटरलवर आदळणार नाही. मधल्या उभ्या पाइपाच्या तोंडाला प्लॅस्टिक बांधा आणि झाकण लावण्याआधी ते आठवणीने काढा. आईंना नमस्कार सांगा.