पकड सुटणे म्हणजे कचरणे नव्हे

रग्बी लीगच्या सामन्यात ज्याच्या हातून चार-पाच टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडण्याच्या पकडी) सुटतात, त्या हाफबॅकच्या धैर्याचे कौतुक करू नये, हे म्हणणे मला पटत नाही. संघाच्या तेरा जणांत आक्रमणाची सूत्रे हलवणारा हा हाफबॅक बहुधा अंगाने लहान असतो, म्हणूनच प्रतिस्पर्धी आपले धिप्पाड सेकंड-रो (दुसऱ्या फळीतले) खेळाडू मुद्दाम त्याच्या अंगावर धाडतात. बचावात तो दमला की पुढच्या चढाईत त्याची किकही चुकते. तेव्हा पकड सुटली का, यापेक्षा तो खांदा देऊन आत शिरला की नुसते हात पुढे करून बाजूला राहिला, हे पाहावे. आमच्या सोलापुरात कबड्डीचे जाणकार हेच पाहतात. चढाईपटूच्या मांडीला बिलगून मध्यरेषेपर्यंत फरफटत गेलेल्या पोराला कुणी भित्रा म्हणत नाही.

ऑस्ट्रेलियातील एनआरएल या रग्बी लीग स्पर्धेच्या २०१८च्या अंतिम सामन्यात हाफबॅक कूपर क्रॉंक खांद्याचे पाते मोडलेले असताना सिडनी रूस्टर्सकडून उतरला आणि त्यांनी मेलबर्न स्टॉर्मला २१-६ असे हरवले. बचावात सहकाऱ्यांनी त्याला सांभाळून घेतले, पण संपूर्ण आक्रमणाची दिशा तोच बोलून ठरवत होता. उणीव मात्र उणीवच: डोके चुकीच्या बाजूला ठेवून टॅकल करण्याची सवय धैर्याने जात नाही, ती सरावातच मोडावी लागते.