रि: रि: हुरडा + आकाशदर्शन: आगटीचं काय ठरलं?

सचिव:
मंडळी, तारीख आता हलणार नाही, अमावास्येजवळचा शनिवार आहे. जागा काकांचं जिंतूर रोडचं शेत. इंग्लंडमधल्या लेस्टरहून गावी आलेले सगळे येणार, फक्त मोठी माणसं. अडलंय ते आगटीवर, म्हणजे कणसं भाजायच्या गोवऱ्यांच्या विस्तवावर. दादा म्हणतात आगटी पेटली की दुर्बीण लावण्यात अर्थ नाही, काका म्हणतात आगटीशिवाय हुरडा नाही. आज रात्रीपर्यंत कळवा, काकांना गडी सांगायचाय.

दुर्बीणवाले दादा:
डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि कुणी मोबाईलची बॅटरी तोंडावर मारली की ती सगळी वाया, पुन्हा पहिल्यापासून. मृगातला तेजोमेघ दाखवायचाय, तो तेराशेच्या वर प्रकाशवर्षं लांब आहे, फिकट धुरकट ठिपका, उजेडात बसलेल्या डोळ्याला काय दिसणार? आणि अगस्त्य तारा! लेस्टरला तो क्षितिजाच्या वर येतच नाही. परभणीतून जानेवारीत दहा ते बाराच्या दरम्यान दक्षिणेला दिसतो, पण सगळ्यात वर आला तरी जेमतेम १८ अंशांवर. तिथंच आगटीचा धूर असला तर संपलं. माझं म्हणणं हुरडा दुपारी उरका.

काका:
दुपारी कामून? दिवसभर शेतात काम चालू असतंय. कणीस आगटीतून काढलं की गरम असतानाच हातावर चोळावं लागतं, गार झाल्यावर दाणे नीट सुटत नाहीत. आणि विज्ञानच पाहिजे ना, तर हुरड्यातपण आहे. दाणा दुधात असतो तोवर त्यात साखर असते, पिकत गेला की तिचा स्टार्च होतो, म्हणून ते थोडेच दिवस हुरडा गोड लागतो. विद्यापीठाची परभणी वसंत ही हुरड्याची ज्वारी लावलीय यंदा. दुसरं, गोवऱ्याला जाळ नसतो, निखारा असतो. दादांनी एकदा येऊन बघावं मग बोलावं.

वहिनी, लातूर:
काका बरोबर बोलले. चटणी मी आणते, लसणाची, आणि दही कुणीतरी घरचं लावा. पोरांचा विषय परत काढू नका. पोरं असली की प्रश्न तीच विचारतात, आपण मागं स्वेटर धरून उभे. मला व्याध नीट बघायचाय. त्याचा प्रकाश साडेआठ वर्षांपूर्वी निघालेला असतो, तेव्हा आम्ही नुकतं लेस्टरला घर घेतलं होतं. एवढं शांतपणे कुणाला सांगावं, ऐकावं असं वाटतं हो.

हिंगोलीवाले भाऊ:
मी आधीपासून सांगूलालोय की कार्यक्रम औंढ्याकडं घ्या. लायगो वेधशाळा तिथं होतीय, ४ किलोमीटरचे दोन बाहू, २०२३ ला केंद्रानं मंजुरी दिलीय, गुरुत्वीय लहरी पकडणार. दिवसा नागनाथाचं दर्शन, रात्री आकाश. दरवेळी परभणीच का?

सचिव:
भाऊ, बांधकामाच्या जागेवर हुरडा कसा भाजणार? औंढ्याची सहल वेगळी काढू, ती तुमच्याकडेच.

दुर्बीणवाले दादा:
काकांचा निखाऱ्याचा मुद्दा मान्य. अंधारात बघणाऱ्या पेशी लाल उजेडाला फारशी दाद देत नाहीत, त्यामुळं निखारा चालेल. खरा त्रास विहिरीवरच्या हॅलोजनचा, तो बंद पाहिजे. आणि आगटी दक्षिणेला नको, पश्चिमेला घ्या.

काका:
पश्चिमेलाच घेतो. थंडीत वारा ईशान्येकडून असतो, धूर दुर्बिणीकडं येणार नाही. हॅलोजन नऊला बंद. नऊनंतर निखाऱ्यावर राख ओढतो, कुणाला परत हुरडा लागला तर मला सांगा, उकरून देतो. पण रात्री मोटर चालू करायला बॅटरी लागतेच.

दुर्बीणवाले दादा:
बॅटरीला लाल सेलोफेन लावा.

वहिनी, लातूर:
सेलोफेन कुठं शोधत बसता, संक्रांतीच्या पतंगाचा लाल कागद चालेल का?

दुर्बीणवाले दादा:
चालेल, दुहेरी लावा. गडद लाल घ्या, गुलाबी नको.