पायमशीन जड चालते, खालून दोऱ्याचा गुंता होतो. दुरुस्त होईल का?

शिवणवाली, आर्णी तालुका

नमस्कार. सासूबाईंची काळी पायमशीन आता मी चालवते. लोखंडी स्टँड, सरळ टाका, गोल बॉबिनवाली. दिवाळीपासून ती जड झाली आहे. पायडल मारून मारून पोटऱ्या भरून येतात. शिवायला घेतलं की वरून टाका बरा दिसतो, पण कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचा झुबका. अस्तरावर तर मधे मधे टाका सुटतोच.

गावात मिस्त्री नाही. बसमध्ये मांडीवर घेऊन मशीनचं डोकं तालुक्याला नेलं. तिथं दुकानवाल्यानं चाक एकदा फिरवलं अन् म्हणाला, "यात आता काही राहिलं नाही, भंगारात द्या, मोटरवाली नवी घ्या." उघडूनसुद्धा पाहिली नाही.

आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याआधी गणवेशाचं काम हाती असते. नवी घ्यायची ऐपत सध्या नाही, अन् खरं सांगायचं तर ही सोडायची इच्छाही नाही. आमच्या घरी पहिल्यापासून मशीनला खोबरेल तेलच टाकतात. मशीन ज्या खोलीत आहे तिथंच वेचणीपासून कापूस भरून होता. सुई मागे गोधडी शिवताना लावली होती तीच आहे. काय करावं?

यवतमाळवरून एक

ताई, खाली गुंता होतो म्हणजे खालच्या दोऱ्याचं टेन्शन ढिलं असेल. खालच्या दोऱ्याची बॉबिन ज्या डबीत बसते, त्या बॉबिन केसवरचा बारीक स्क्रू घट्ट करून पाहा.

बाजारातला मिस्त्री, पुसद

थांबा ताई, त्या स्क्रूला हात लावू नका. भाऊनं चांगल्या मनानं सांगितलं, पण इथंच लोकांची मशीन बिघडते. गुंता खाली दिसत असला तरी दोष वरच्या दोऱ्याचा असतो. सुईखाली एक लोखंडी शटल फिरते, ते वरचा दोरा पकडून पूर्ण बॉबिन केसभोवती फिरवून आणते. मग वरची खालीवर होणारी दांडी तो दोरा परत ओढून घेते. वरच्या दोऱ्याला ताण नसला, किंवा दोरा त्या दांडीच्या भोकात ओवलेलाच नसला, तर तो फास खालीच राहते. एकावर एक फास पडले की झाला झुबका.

आठवडी बाजारात बसून मी आयुष्यभर ह्या काळ्या मशीनच दुरुस्त करत आलो, म्हणून सांगतो. तुम्ही जे लिहिलं त्यात मशीन मेल्याची एकही खूण नाही. खोबरेल अन् कापूस, एवढंच दुखणं आहे. खोबरेल तेल थंडीत गोठते, अन् जुनं झालं की लोखंडावर चिकट पिवळा थर धरते. त्यावर घरातल्या कापसाचं तूस बसते. दिवाळीपासून जड झाली म्हणता, तेव्हाच थंडी पडते अन् तेव्हाच कापूस घरात येते. दुकानवाल्यानं उघडली असती तर त्यालेही दिसलं असतं. अशा मशीन भंगारात जाताना पाहिल्या की जीव तुटते हो. ओतीव लोखंडाचं डोकं आहे ते, नीट ठेवलं तर तुमच्या सुनेलाही पुरते.

आधी जडपणा कुठं आहे ते पाहा. पट्टा डोक्याच्या चाकावरून उतरवा अन् तेच चाक हातानं फिरवा. चाक हलकं फिरलं तर दोष खाली स्टँडमध्ये आहे, पायडलच्या अन् मोठ्या चाकाच्या सांध्यांना तेल पाहिजे. हातानंही जड लागलं तर दोष डोक्यात. तुमचं डोक्यातच असणार.

मग शटल काढा. भिऊ नका, याला पाना-पेचकस काहीच लागत नाही. चाक फिरवून सुई सगळ्यात वर आणा. सरकपट्टी सरकवून बॉबिन केस काढा. आत दोन बाजूंना दोन खटके दिसतील, ते बाहेरच्या बाजूला वळवा. वरची गोल रिंग हातात येईल. मग मधल्या खुंटीला धरून शटल बाहेर ओढा, ते अर्ध्या चंद्रासारखं दिसते. ज्या खाचेत ते फिरते तिथं पाहा. कापसाच्या तुसाची तेलात भिजून दाबलेली काळी वळी निघेल, वातीसारखी. ती दाभणानं नाही, काडीनं काढा. दाभणानं खाचेवर ओरखडा पडते अन् तिथं पुढं दोरा अडकते. शटलच्या टोकावरून नख फिरवा. नख अडलं तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासा, टोक बोथट मात्र करू नका.

आता खोबरेलचा थर. तेलाच्या जेवढ्या भोकात तेल टाकता, त्या सगळ्यांत मातीच्या तेलाचे, म्हणजे रॉकेलचे, चार-चार थेंब सोडा. डोकं मागं उलटवून खालच्या सांध्यांनाही सोडा. डाव्या बाजूची पट्टी काढली की सुईची दांडी दिसते, तिथंही. सुईत दोरा ठेवू नका, मशीनचा कापड दाबणारा पाय वर ठेवा, अन् चाक जोरानं फिरवा. तपकिरी पाणी गळायला लागलं की समजा थर सुटला. रात्रभर तसंच ठेवा, सकाळी फडक्यानं पुसा, पुन्हा फिरवा. मातीचं तेल नसलं तर डिझेल चालते. पण चूल, दिवा, उदबत्ती जवळ नको. कापूस असलेल्या खोलीत तर हे काम करूच नका, अंगणात घ्या.

मातीचं तेल फक्त मळ काढते, ते आत राहिलं तर लोखंड कोरडं घासून झिजते. म्हणून पुसल्यावर सगळीकडे मशीनचं पातळ पांढरं तेल टाका, एका जागी एक-दोन थेंब. शटलच्या खाचेत एकच थेंब. पट्ट्यावर अन् टेन्शनच्या चकत्यांवर, म्हणजे वरचा दोरा ज्यांच्या मधून दाबून जाते त्यांच्यावर, तेल नको. चकत्यांमध्ये दोऱ्याचा तुकडा किंवा तूस अडकलं की त्या मिटत नाहीत, मग नट कितीही आवळा, ताण येत नाही. मशीनचा दाबणारा पाय वर उचलला की चकत्या उघडतात. तेव्हा सुती कापडाची पट्टी त्यांच्या मधून ओढून घ्या. दोरा ओवतानाही पाय वरच ठेवायचा, म्हणजे दोरा चकत्यांच्या आत बसते. अन् शिवताना पाय खालीच पाहिजे. पाय वर ठेवून शिवलं तरी असाच झुबका होते.

बॉबिन केसची परीक्षा सोपी आहे. बॉबिन भरून केस दोऱ्यानं लटकवा. आपोआप घसरत खाली नाही आली, अन् हलका झटका दिल्यावर थोडीशीच उतरली, तर ताण बरोबर आहे. मग त्या बारक्या स्क्रूचं काही काम नाही.

टाका सुटते त्याच्यासाठी पहिले सुई बदला. सुई वर पूर्ण टेकेपर्यंत घाला. तिची सपाट बाजू शटलच्या टोकाकडे, लांब खाच त्याच्या उलट बाजूला. दोरा नेहमी लांब खाचेच्या बाजूनं ओवायचा. सुई तळाला जाऊन वर यायला लागते, साधारण २ ते २.५ मिलिमीटर वर येते, तेवढ्यात मागं दोऱ्याचा फास तयार होते अन् शटलचं टोक त्यात शिरते. सुई वाकडी, बोथट किंवा अर्धवट बसलेली असली की फास चुकते अन् टाका सुटते. सुई ज्या दांडीत बसते ती दांडी पकडणारा आतला स्क्रू मात्र घरी ढिला करू नका. ते माप हललं तर मिस्त्रीच पाहिजे.

टेलरिंग क्लास, वर्धा

काकाजींनी सगळंच सांगितलं. सुईबद्दल थोडं जोडते, कारण आमच्या क्लासमध्ये मुली नेमकं हेच विचारतात. गोधडीला बहुतेक १८ नंबर लावली असेल, ती १.१ मिलिमीटर जाड असते. त्याच सुईनं पातळ अस्तर शिवलं की मोठी भोकं पडतात अन् टाकाही सुटतो. अस्तराला ११, सुती ब्लाऊजला १४, गणवेशाच्या टेरीकॉटला १४ किंवा जाड शिवणीवर १६ घ्या. पाकिटावर ७५, ९०, १०० असं लिहिलेलं असतं, ते मिलिमीटरचे शंभरावे भाग आहेत. म्हणजे ९० नंबर म्हणजे ०.९० मिलिमीटर, आपली १४.

अन् ताई, दुकानातून सुई घेताना घरच्या मशीनची म्हणून मागा, वर एका बाजूला चपटी असलेली. टेलरच्या मोठ्या मशीनची गोल दांडीची सुई वेगळी येते. बायका चुकून तीच आणतात अन् मग मशीनला दोष देतात.

शिवणवाली, आर्णी तालुका

काकाजी, अंगणात बसून सगळं केलं. शटलच्या खाचेतून तुम्ही म्हणाले तशीच काळी वळी निघाली, सोबत लाल दोऱ्याचा गोळा. लाल दोरा तर मी आल्यापासून या घरात कोणी वापरलाच नाही! चाक आता एका बोटानं फिरते. चकत्यांमधूनही दोऱ्याचा तुकडा निघाला. १४ नंबरची सुई लावून चड्डीची शिवण मारली, खालून-वरून टाका सारखा. सासूबाई येऊन स्वतः पायडल मारून गेल्या.

एक अडलं आहे. पुसायसाठी चाकावरची मधली चकती काढली होती, परत बसवली तर आता चाक फिरते पण सुई हलत नाही. अन् पट्टाही घसरतो.

बाजारातला मिस्त्री, पुसद

वाचून लय बरं वाटलं ताई. सासूबाईंना नमस्कार सांगा.

चाकाचं सोपं आहे. त्या चकतीखाली एक वायसर आहे, त्याला आतून दोन दाते आहेत अन् बाहेरून तीन कान आहेत. ते उलटं बसलं की चकती कितीही आवळली तरी चाक पकडत नाही. चकती काढा, वायसर अर्धा फेरा फिरवून बसवा, पुन्हा आवळा. बॉबिन भरताना हीच चकती ढिली करायची असते, म्हणजे सुई उगीच चालत नाही.

पट्टा चामड्याचा असेल. तो वापरून वापरून लांबते. तारेची क्लिप सोडा, एका बोटाच्या रुंदीएवढा तुकडा कापा, दाभणानं नवं भोक पाडा अन् क्लिप परत दाबा. फार ताणू नका, ताणलेल्या पट्ट्यानं मशीन पुन्हा जड होते. घसरते म्हणून त्याला तेल किंवा डिंक लावू नका, तेलाचा हात लागला असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा. गणवेशाच्या दिवसांत रोज शिवता तर शटलमध्ये रोज एक थेंब टाका, बाकी सांध्यांना आठवड्यातून एकदा पुरे. अन् पुढच्या वेचणीला मशीन दुसऱ्या खोलीत हलवता आली तर हलवा, नाहीतर जुनं लुगडं टाकून पुरी झाका.