कशावरच विश्वास बसत नाही, तुमचं कसं?

सोलापुरी पोरगा: बाबांची गिरणी बंद पडली, नंतर साठवलेले पैसे पतसंस्थेत बुडाले, घरात एकच शिकवण, कुणावर भरवसा ठेवू नको. मित्रपण सगळ्याची टिंगलच करतात. गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेला, नंदीध्वजांच्या उंच काठ्या मिरवत जातात तेव्हा मनापासून हात जोडावेसे वाटतात पण लाज वाटते. असं कुणाचं होतं का?

बाळीवेसकर: होतं रे. दुखावलेला माणूस टिंगलीमागे लपतो. आपल्या सोलापूरचे संत सिद्धरामेश्वर, ज्यांची ही यात्रा, त्यांनी १२व्या शतकात लोकांसाठी तळं खोदलं, भक्ती म्हणजे काम, मला एवढं पुरतं.

निवृत्त मास्तर: बाळा, १२ जानेवारी १९३१ ला आपल्या सोलापूरचे चार हुतात्मे इंग्रजांविरुद्धच्या लढ्यात फासावर गेले, कुर्बान हुसेन तर जेमतेम विशीतले, त्यांनी काय कमी अन्याय पाहिला होता? तू आधी बाबांशी बोल, गिरणी सुटली तेव्हा काय वाटलं ते विचार, आमच्या घरात गाठ तिथूनच सुटली.