पीपीटी टेम्प्लेट क्लायंटच्या हातात गेलं की वाट लागते, तुम्ही लोक कसं करता?

कोकमआगळ
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, चहा घेऊन वाचा. मी रत्नागिरीत असते, आधी एका फ्लेक्सच्या दुकानात कोरलड्रॉवर डिझाइन करायला बसायचे, गेल्या दिवाळीपासून घरूनच पीपीटी आणि टेम्प्लेटची कामं घेते. कामं येतायत, ती तक्रार नाही. पण परवा जे झालं त्याने डोकं उठलंय.

एक बागायतदार काका आहेत, हापूस, आंबापोळी, आगळ, काजूगर असं सगळं. पुण्याच्या एका मोठ्या खरेदीदाराला दाखवायला पंधरा स्लाइडचं हवं होतं आणि पुढे दर सीझनला त्यांचा पुतण्या त्यात भाव आणि फोटो बदलणार, म्हणजे टेम्प्लेटच म्हणा. मी जीव ओतून केलं हो. पांढरी पाटी, त्यावर हापूसच्या पिवळ्या रंगात शीर्षकं, कोपऱ्यात आंब्याच्या पानाची नक्षी, हापूसला २०१८ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्याची एक स्लाइड, तिच्यात नकाशावर रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर असे पाच जिल्हे पाच रंगात. माझ्या लॅपटॉपवर बघाल तर मासिकाचं पान.

पुण्यात पुतण्याच्या लॅपटॉपवर उघडलं तर फॉन्ट बदललेला, एका ओळीचं शीर्षक तीन ओळीत जाऊन फोटोवर बसलेलं, आणि पिवळी अक्षरं प्रोजेक्टरवर दिसेचनात. त्याने मधे एक नवी स्लाइड घातली तर ती कोरी पांढरी, ना पान ना पट्टी. काका रागावले पण नाहीत, फोनवर एवढंच म्हणाले "घरी तर बरा दिसत होता गो बाय". ते ऐकून जास्त वाईट वाटलं.

तर तुम्ही लोक दिसायला छान पण क्लायंटने हात लावला तरी टिकेल असं कसं करता? की सरळ पीडीएफ देऊन मोकळं व्हायचं?

तिठ्यावरचा_कारागीर
ताई, पीडीएफ देऊन सुटता येणार नाही, त्याला दर वर्षी भाव बदलायचेत ना. आजार तुम्हीच लिहिलायत वर, "नवी स्लाइड घातली तर कोरी". म्हणजे सगळं काम तुम्ही स्लाइडवर केलंय, मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइडच्या मूळ साच्यात, काहीच नाही. कोरलवरून आलेल्या सगळ्यांचं हेच होतं, माझंही झालं होतं, आपल्याला पान म्हणजे पान वाटतं, प्रत्येक वस्तू हाताने ठेवायची सवय. पीपीटीत पान हा साचा आहे, माणूस त्यात भर घालणार आहे.

व्ह्यू मध्ये जाऊन स्लाइड मास्टर उघडा. सगळ्यात वरती मोठी ती मास्टर, तिच्या खाली लेआउट, म्हणजे स्लाइडच्या तयार मांडण्या, नेहमीच्या थीममध्ये ११ असतात. त्यातले तुमच्या क्लायंटला लागणारे पाच-सहा ठेवा, बाकीचे उडवा, नाहीतर पुतण्या नेमका नको तोच उचलेल. पान, पट्टी, लोगो सगळं मास्टरवर न्या. शीर्षक आणि मजकूर साध्या टेक्स्ट बॉक्समध्ये टाकू नका, प्लेसहोल्डर (साच्यातली राखीव चौकट) घाला. फोटोला पण पिक्चर प्लेसहोल्डर, मग त्याने मोबाइलचा उभा फोटो टाकला तरी चौकटीत आपोआप कापून बसतो, ताणून आंब्याचा भोपळा होत नाही. आणि प्लेसहोल्डर असेल तर त्याने कितीही ओढाओढ केली तरी होममधलं रीसेट दाबलं की सगळं जागेवर, हे एक बटण क्लायंटला दाखवलंत तर तुमचे निम्मे फोन कमी होतील.

रंग पण हाताने भरू नका. थीमच्या रंगात सहा मुख्य रंग, म्हणजेच अ‍ॅक्सेंट असतात, त्याने चार्ट घातला की पहिल्या अ‍ॅक्सेंटपासून क्रमाने रंग उचलले जातात. ते सहा नीट लावून ठेवलेत की त्याचा चार्ट पण तुमच्यासारखाच दिसतो, तुम्ही तिथे नसताना. शेवटी पीओटीएक्स (पीपीटीचा टेम्प्लेट फाइल प्रकार) म्हणून सेव्ह करून द्या, म्हणजे डबल क्लिक केलं की नवीन फाइल उघडते आणि मूळ साचा शाबूत राहतो.

आणि पाठवायच्या आधी मी काय करतो सांगू, आमच्या कुडाळच्या दुकानात झेरॉक्सवर बसणारा पोरगा आहे त्याला फाइल देतो, म्हणतो यात तुझ्या क्रिकेट टीमची दहा मिनिटात पीपीटी कर. तो जिथे अडकतो तिथे माझं टेम्प्लेट चुकलेलं असतं.

जिल्ह्यांचं राहिलं. पाचही जिल्ह्यांना जीआय एकच ना, मग रंग पाच कशाला? पाचही एका रंगात, बाकी महाराष्ट्र राखाडी, आणि काकांची बाग आहे तिथे एक ठिपका. खरेदीदाराला तेवढंच बघायचंय.

शिरोरेखा
फॉन्टचं मी सांगते कारण हे दुखणं मराठीवाल्यांचंच आहे, इंग्रजीतले व्हिडिओ बघून सुटत नाही.

पीपीटीच्या थीममध्ये देवनागरीचा कप्पा इंग्रजीपेक्षा वेगळा असतो. तुम्ही वरवर थीम फॉन्ट बदललात की इंग्रजी बदलतं, मराठी आपली ठरलेल्या मंगल नाहीतर दुसऱ्याच कुठल्या फॉन्टवर जाऊन बसते. म्हणून मास्टरवर शीर्षकाच्या प्लेसहोल्डरमध्ये मराठी वाक्य टाइप करून, ते सिलेक्ट करून फॉन्ट लावा आणि मग नवीन स्लाइडवर टाइप करून बघा टिकतो का. फॉन्ट मुक्ता किंवा बालू घ्या, दोन्ही मुंबईच्या एक टाइपने केलेले आणि गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. मग फाइल, ऑप्शन्स, सेव्ह, तिथे एम्बेड फॉन्ट्सला टिक, म्हणजे फॉन्ट फाइलसोबतच जातो, आणि खालच्या दोन पर्यायातला सगळी अक्षरं घेणारा निवडा. वापरलेली तेवढीच अक्षरं घेतलीत तर पुतण्याने नवीन शब्द टाइप केला की पुन्हा रडगाणं. एवढं करायचं नसेल तर सरळ निर्मला यूआय लावा, विंडोज ८ पासून सगळ्या विंडोजमध्ये असतो. रूप साधं आहे, पण घात करत नाही.

ओळींमधलं अंतर बघा. २०१३ पासूनच्या थीममध्ये मजकुराला ९० टक्के असतं, इंग्रजीला चालतं, आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराच्या डोक्यावर बसतो. ११० ते १२० करा. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवायची फॅशन मराठीला लावू नका, शिरोरेखा तुटते, दात पडल्यासारखं दिसतं.

एक वैयक्तिक चीड. कोकणातल्या प्रत्येक पीपीटीत एक शब्द असतोच, "किनाऱ्यावर". निम्म्या ठिकाणी तो "किनार्यावर" असा असतो, र चा रफार होऊन य च्या डोक्यावर गेलेला. तिथे ऱ टाइप करायचा, खाली टिंब असलेला, मग हलन्त, मग य. जुन्या फ्लेक्सच्या फाइलमधला नॉन-युनिकोड (जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला) मजकूर कन्व्हर्ट करून घेता तेव्हा हे हमखास होतं. किनाऱ्यावर, बागायतदाऱ्या, पायऱ्या, सगळे शोधून बघा.

दर्याकिनारी_दादूस
गो ताय, रंगाचा कोणीच बोलूक नाय म्हणून मी बोलतंय. तू बघलंस लॅपटॉपवर, तेंनी बघल्यानी हॉलमध्ये, खिडक्यो उघड्यो, पडद्यावर ऊन. पांढऱ्यावर हापूसचो पिवळो खयसून दिसतलो? पुढचा मराठीत लिहितो नाहीतर बाकीचे ओरडतील. साध्या मजकुराला कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, निदान ४.५:१ लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१, आणि पांढऱ्यावरचा आंबापिवळा २:१ पण भरत नाही, नेटवर फुकट कॉन्ट्रास्ट चेकर आहेत त्यात घालून बघ. उलट पिवळ्या पट्टीवर कोकमाचा गडद लाल-जांभळा टाक, ७ च्या वर जातो. आंबा पण झाला, कोकम पण झालं, तुझं नाव पण झालं.

दुसरं म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच सभागृहात अजून ते जुने चौकोनी प्रोजेक्टर आहेत, १०२४ बाय ७६८ वाले. त्यावर १६:९ ची स्लाइड लावलीस की ७६८ मधल्या ५७६ ओळीच वापरल्या जातात, वर खाली काळे पट्टे. म्हणजे अक्षर तू समजतेस त्यापेक्षा बारीक. २४ पॉइंटच्या खाली मी काहीच ठेवत नाही, मग क्लायंट कितीही "अजून दोन मुद्दे घाला ना" म्हणू दे.

न्याहारी_निवास
मी डिझाइनर नाही, तुमच्या भाषेत क्लायंट. गुहागरला आमचं चार खोल्यांचं घर आहे, पर्यटकांना देतो. दोन वर्षांपूर्वी खोल्या वाढवायला पैसे हवे होते म्हणून मुंबईच्या एका नातेवाइकांना दाखवायला पीपीटी करून घेतली होती. पोराने सुंदर केली, बारा स्लाइड ड्रोनचे फोटो, समुद्र असा डावीकडून सरकत यायचा, नारळाची झाडं उगवायची. नातेवाईक शांतपणे बघत होते, मग विचारलं, "जून ते सप्टेंबर किती खोल्या भरतात?" ती स्लाइडच नव्हती. मी तोंडी सांगितलं, पण तोंडी सांगणं आणि दाखवणं यात फरक पडतोच.

मग मीच त्या पोराला बसवून बारा महिन्यांच्या बारा काठ्यांचा चार्ट करून घेतला, पावसाळ्याचे चार महिने राखाडी, बाकी निळे, वरती शीर्षक "चार महिने खोल्या रिकाम्या, म्हणून पावसाळी पर्यटनासाठी दोन खोल्या वेगळ्या बांधायच्या". एवढी एकच स्लाइड. तिच्यावर पाऊण तास बोलणं झालं. शीर्षकात "आमचा व्यवसाय" असं न लिहिता काय म्हणायचंय तेच लिहिलं तर समोरचा पुढचं विचारतो असा माझा अनुभव. तेव्हा ताई, काकांना आधी विचारा खरेदीदार काय विचारतो. पेटीत किती डझन, फळ किती ग्रॅमचं, माल कुठल्या तारखेपासून, गाडी कोणाची. पानाची नक्षी नंतर.

कोकमआगळ
बापरे, एवढं सगळं! दादूस, पिवळ्यावर कोकम रंग लावून बघितला, लाज वाटली स्वतःची, इतकं समोर होतं. काल दिवसभर लाइट नव्हती, रात्री बसून मास्टर परत केला, सहा लेआउट, मुक्ता फॉन्ट एम्बेड. फोटो कॉम्प्रेस करून १५० पीपीआयला (इंचाला १५० ठिपके) आणले तर ८४ एमबीची फाइल ९ वर आली, काकांच्या वाडीत रेंजचे वांधे आहेत त्यामुळे हे आधीच करायला हवं होतं. व्हॉट्सॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली.

काकांना विचारलं खरेदीदार काय विचारतो. म्हणाले "तो एकच विचारतो, डागी फळ निघाला तर काय". त्याची स्लाइड पहिल्या पंधरात नव्हतीच! आता तिसरी तीच आहे, डावीकडे डागी फळाचा जवळून फोटो, उजवीकडे मोठ्या अक्षरात बदलून कसं देणार ते एका वाक्यात. पुतण्याला दहा मिनिटं दिली, त्याने स्वतः चार्ट घातला आणि रीसेट पण दाबून बघितलं. मात्र सगळीकडे अ‍ॅनिमेशन लावून ठेवलंय, आंबे उड्या मारतायत, त्याचं काय करू?

शिवाय पैशाचं कोणीच बोललं नाही. हे दुसऱ्यांदा केलेलं काम फुकटात गेलं.

तिठ्यावरचा_कारागीर
उड्या मारू दे एक वेळ, मास्टर शाबूत आहे ना. पैशाचं म्हणाल तर साचा वेगळा आणि भरलेल्या स्लाइड वेगळ्या असे दोन दर सांगा, आणि क्लायंटच्या मशीनवर एकदा उघडून बघण्याचे पैसे पहिल्या दरातच धरा. यावेळचं काकांकडून पेटीत वसूल करा, मे महिना आहेच.

शिरोरेखा
स्क्रीनशॉट बघितला, छान झालंय. अकराव्या स्लाइडवर "किनार्यावरील बाग" अजून तसंच आहे.